किती वॅटचा एसएमपीएस? वाशिमच्या विजेवरचा हिशेब

तालुक्याच्या गावात संगणक जोडून घ्यायला गेलेल्या माणसाला प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात, मॉनिटर किती इंची हवा तेही विचारतात. एसएमपीएसचे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचे, कोणी विचारत नाही. तो कॅबिनेटसोबत ‘येतोच’, आणि त्याच्या पाठीवर बहुधा ४५० वॅट असे छापलेले असते. पुढे हाच भाग आधी जळतो आणि जाताना कधी मदरबोर्ड, कधी हार्ड डिस्क सोबत घेऊन जातो. मग दुरुस्तीवाला सांगतो, ‘वॅट कमी पडले, या वेळी मोठा टाका.’ वाशिम जिल्ह्यात, म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत, हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते असे माझे मत आहे. वॅट कमी पडलेले नसतात. छापलेला आकडा खोटा असतो, नाहीतर खांबावरून घरात आलेली वीज धड नसते.

आधी गरज मोजू. इथले बहुसंख्य डेस्कटॉप कशाला लागतात? आपले सरकार सेवा केंद्रात दाखले काढायला, खरिपात पीक विम्याचे अर्ज भरायला, डीटीपी आणि झेरॉक्सच्या दुकानात, एमएस-सीआयटीच्या वर्गात, शाळेच्या लॅबमध्ये, अडत्याच्या गादीवर टॅलीला. अशा संगणकात कोअर आय३-१२१०० सारखा प्रोसेसर धरला, तर इंटेलच्याच आकड्यांप्रमाणे तो भर कामात जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो. ग्राफिक कार्ड वेगळे नसतेच. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास वॅट सढळ हाताने धरा. बेरीज १४० च्या आत राहते, आणि तीही प्रोसेसर पूर्ण ताणलेला असताना. फॉर्म भरताना किंवा बिल करताना हाच संगणक पन्नासच्या आसपास रेंगाळतो. मॉनिटर आणि प्रिंटर यांचा भार एसएमपीएसवर येत नाही. ते आपापल्या पिनमधून थेट वीज घेतात.

हे पटत नसेल तर बँकेत किंवा तहसील कचेरीत दिसणारे छोटे, आडवे ब्रँडेड संगणक आठवा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीच्या प्रोडेस्क मालिकेतल्या लहान कॅबिनेटमध्ये कंपनीने बसवलेला एसएमपीएस बहुधा १८० ते २४० वॅटचा असतो, आणि तो वर्षानुवर्षे चालतो. १९८१ साली आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यातला पुरवठा ६३.५ वॅटचा होता. आजचा ऑफिसचा संगणक त्याच्या हजारो पट काम करतो, पण भूक काही हजारो पट वाढलेली नाही. १८० वॅटच्या एसएमपीएसवर जे काम निर्धास्त होते त्यासाठी ४५० वॅटचा कमी पडावा, यातच गोम आहे.

ती गोम लेबलवर वाचता येते. एसएमपीएसमधून १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशा तीन मुख्य लाइन निघतात. जुन्या संगणकांत मुख्य भार ५ व्होल्टवर असे. सन २००० च्या सुमारास पेन्टियम ४ आला, प्रोसेसरला १२ व्होल्टची स्वतंत्र चार पिनांची वायर द्यावी लागली, आणि तेव्हापासून भार १२ व्होल्टकडे सरकत गेला. आज प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्कची मोटर, पंखे सगळे १२ व्होल्टवर चालतात. म्हणून लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहायचे आणि त्याला १२ ने गुणायचे. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट, मग डब्यावर ४५० छापलेले असो की ५००. प्रामाणिक ४५० वॅटच्या एसएमपीएसवर हा आकडा ३५ अँपिअरच्या आसपास असतो, कारण जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळायला हवी. स्वस्त मालात सगळ्या लाइनींचे कमाल आकडे एकमेकांत मिळवून, एखादा वरून चढवून, गोल संख्या छापतात. काही लेबलांवर तर अँपिअरचा तक्ताच नसतो. असा नग तिथेच काउंटरवर ठेवून यावा.

दुरुस्तीच्या टेबलावर एसएमपीएस तपासायची एक सर्वत्र चालणारी रीत आहे: मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर तारेने काळ्या वायरला जोडायची, पंखा फिरला की एसएमपीएस ‘ओके’. या परीक्षेतून एवढेच कळते की तो चालू होतो. शंभर-दीडशे वॅटचा भार पडल्यावर तो टिकतो का, हे पंखा फिरण्यातून कळत नाही. संगणक चालू करून, त्यावर काम टाकून, पिवळ्या वायरवर मल्टिमीटर लावावा. एटीएक्सच्या मानकाने तिथे ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. भार येताच काटा अकराकडे घसरला तर छापील वॅट कितीही असोत, तो एसएमपीएस संपलेला आहे. (डबा मात्र उघडू नये, पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका दाब काही काळ शिल्लक राहतो.)

ग्राफिक कार्ड आले की हिशेब बदलतो, आणि मोठे वॅट खरोखर लागतात ते इथेच. लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करणारे स्टुडिओ, आर्किटेक्टची थ्रीडी कामे, गेम खेळणारी मुले हे त्याचे गिऱ्हाईक. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. जीटीएक्स १६५० सारखे ७५ वॅटचे कार्ड म्हणूनच बहुधा वेगळ्या वायरीशिवाय चालते. आरटीएक्स ४०६० चा आकडा ११५ वॅट, ३०६० चा १७०, ४०७० चा २००. आणि पार वरच्या टोकाला आरटीएक्स ५०९० एकटे ५७५ वॅट मागते. दिवसभर फॉर्म भरणारे दहा-अकरा संगणक मिळून जेवढे घेतील तेवढे.

कार्ड बनवणारे जो ‘शिफारस केलेला एसएमपीएस’ सांगतात तो अंमळ जास्तच असतो, कारण दुकानातले लेबल किती खरे याची खात्री त्यांनाही नसते. ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅट सुचवते. आपण बेरीज करून पाहू: कोअर आय५-१२४०० कमाल ११७, कार्ड ११५, बाकी सगळे ६०. झाले २९२. त्यावर तीसएक टक्के मोकळीक धरली तर ३८० होतात, म्हणजे खरा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरतो आणि ५५० घेतला तर पुढच्या कार्डाची सोय होते. एडिटिंगवाल्याचे आय५-१४६००के आणि ४०७० धरले तर १८१ अधिक २०० अधिक ६०, म्हणजे ४४१. तिथे ६५० हवा.

ही मोकळीक हौसेची नाही. ग्राफिक कार्डाचा छापील आकडा सरासरीचा असतो. प्रत्यक्षात काही मायक्रोसेकंदांसाठी ते त्याच्या दुपटीपर्यंत उसळी मारते, आणि ही उसळी पाहून एसएमपीएसची संरक्षण यंत्रणा संगणक बंद करते. एडिटिंग करताना ठीक, रेंडर लावले की बंद, अशी तक्रार येते ती यामुळे. इंटेलने २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात मोठ्या एसएमपीएसनी १०० मायक्रोसेकंदांपुरता छापील वॅटच्या दुप्पट भार सोसला पाहिजे अशी अटच घातली. नवे मोठे कार्ड घेणाऱ्याने डब्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ आहे का ते पाहावे. सेवा केंद्रवाल्याने या भानगडीत पडू नये.

मोठा एसएमपीएस घेतला तर वीज बिल वाढते, हा समज खोटा आहे. ६५० वॅटचा एसएमपीएस ६५० वॅट ओढत नाही. संगणक मागतो तेवढेच देतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: विहिरीला पाणीच नसेल तर पाच एचपीची मोटर बसवून पाणी वाढत नाही. मात्र अति मोठा घेण्यातही शहाणपण नाही. एसएमपीएस आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास सर्वांत काटकसरीने चालतो आणि पाच-दहा टक्क्यांवर बरीच वीज उष्णतेत घालवतो. समजा, ६० वॅटच्या कामासाठी हजार वॅटचा नग लावला आणि तो एवढ्या कमी भारावर ७० टक्के कार्यक्षम ठरला, तर भिंतीतून ८६ वॅट जातील. नेमक्या मापाचा, ८५ टक्के कार्यक्षम असलेला ७१ घेईल. रोज दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर फरक ४५ युनिटचा. त्याने कोणाचे दिवाळे निघत नाही, पण हजार वॅटला मोजलेले जादा पैसे मात्र वाया जातात.

याच ओघात ‘८० प्लस’च्या शिक्क्याबद्दल. २००४ पासून अमेरिकेत सुरू झालेली ही योजना एसएमपीएसची कार्यक्षमता मोजते: ११५ व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के लागतात. शिक्का असला की निदान कोणीतरी पूर्ण भार टाकून तो नग पाहिला आहे, एवढा भरवसा मिळतो. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग हाच. पण ही चाचणी होते सुमारे २३ अंश तापमानाच्या खोलीत. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, टिनाच्या गाळ्यात त्याहून जास्त, आणि भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटच्या आत आणखी दहा अंश. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा किती तापमानाला दिला आहे ते बघावे. चांगल्या मालावर ४० किंवा ५० अंश असे स्पष्ट लिहिलेले असते. कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५ चे, हेही लिहिलेले असते. बाजार समितीच्या आसपासच्या दुकानांत सोयाबीन-तुरीच्या हंगामात धूळ इतकी असते की पंख्याची पाती महिन्या-दोन महिन्यांत राखाडी होतात. ब्लोअरने ती झाडणे हा वॅट वाढवण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे.

इथवरचा हिशेब पुण्यातही लागू पडेल. वाशिमचा खरा प्रश्न भिंतीच्या पलीकडचा आहे.

नियमाने घरात २३० व्होल्ट यावेत, सहा टक्के इकडे-तिकडे. म्हणजे २१६ ते २४४. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देताना डीपीवर मोटरी चालू झाल्या की गावाच्या टोकाच्या घरात हा आकडा कुठे जातो, ते ट्यूबलाइट फडफडताना पाहिलेल्याला सांगायला नको. जिथे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा झाला तिथे त्रास कमी आहे. शेतातल्या घरांत आणि रस्त्याकडेच्या दुकानांत तो अजून आहे. व्होल्टेज उतरले तरी एसएमपीएस वॅट तेवढेच घेतो, त्यामुळे करंट वाढतो. शंभर वॅटला २३० वर ०.४३ अँपिअर लागत असतील तर १६० वर ०.६३ लागतात. आतले भाग तापतात, आणि ज्याच्या लेबलवर इनपुट ‘२००–२४० व्होल्ट’ लिहिले आहे तो दम टाकतो. ‘१००–२४०’ लिहिलेला, ॲक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस हे निमूटपणे सोसतो आणि त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. माझ्या मते ग्रामीण वाशिममध्ये खरेदी करताना वॅटच्या आधी हीच ओळ वाचावी.

व्होल्टेज उतरण्यापेक्षा चढणे घातक. डीपीवरचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की एका घरात बल्ब मिणमिणतो आणि शेजारच्या घरात फुटतो, कारण दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटून जातात. अशा वेळी एसएमपीएस स्फोटासारखा आवाज करून जातो. ३०० व्होल्टपुढे गेलेल्या विजेसमोर ४५० वॅट आणि ८५० वॅट सारखेच दुबळे. एमसीबीही यात कामाचा नाही. तो जादा करंट पाहतो, जादा व्होल्टेज नाही. मीटरनंतर बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले मिळतो. ठरवलेल्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेले की तो घराची वीज तोडतो आणि सुरळीत झाले की जोडतो. एकट्या संगणकासाठी नाही, फ्रीज आणि टीव्हीसाठीही तो पैसे वसूल करून देतो.

अर्थिंगची कथा तर घरोघरची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, आणि लोक एसएमपीएस लीक झाला म्हणून बदलतात. लीक झालेला नसतो. प्रत्येक एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. भिंतीतल्या तिसऱ्या भोकात वायरच नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य असतो म्हणून माणूस दगावत नाही, पण यूएसबी पोर्ट आणि लॅन कार्ड मात्र यातून जाऊ शकतात. नवा एसएमपीएस लावल्यावरही मुंग्या येतातच. तेव्हा वायरमनला बोलवावे. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल उतरते आणि पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होते. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी ओतायची पद्धत होती. ती पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

लाइन जाण्याचा वेगळा हिशेब आहे. वीज तुटल्यावर आतल्या साठ्यावर एसएमपीएसने साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी एटीएक्सची अपेक्षा असते. विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे. साधा यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, म्हणून चांगल्या एसएमपीएसला कळतही नाही. स्वस्तात साठ्याचा कपॅसिटर लहान घातलेला असतो, आणि मग ‘यूपीएस असूनही रिस्टार्ट होतो’. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी इन्व्हर्टरच्या मागची खटकी पाहावी. अनेक मॉडेलांत ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशा दोन जागा असतात. नॉर्मलवर बदल सावकाश होतो, पंख्या-दिव्यांना चालतो, संगणकाला नाही. यूपीएस मोडवर बदल झटपट होतो, पण व्होल्टेज १८० च्या आसपास उतरले की तो लगेच बॅटरीवर जातो, आणि रब्बीच्या संध्याकाळी बॅटरी लाइन असतानाच संपते. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. ज्याचे व्होल्टेज सारखे उतरते त्याने संगणकाला वेगळा छोटा यूपीएस द्यावा. इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचाच घ्यावा, कारण चौकोनी लहरीवर काही ॲक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस अडखळतात.

यूपीएसच्या डब्यावर व्हीए लिहितात, वॅट नाही. सर्वत्र विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, आणि त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास साठवते. शंभर-सव्वाशे वॅटच्या संगणकाला ती नवी असताना पंधरा-वीस मिनिटे पोसते. गोष्ट फाइल सेव्ह करण्याची आहे, सिनेमा पाहण्याची नाही.

छापील वॅटने सर्वांत मोठा गोंधळ होतो तो लॅब आणि वर्गांत. वीस संगणकांचा वर्ग काढायचा तर कोणीतरी २० गुणिले ४५० करते, ९ किलोवॅट काढते, आणि त्या मापाचा यूपीएस, जाड केबल, वाढीव मंजूर भार असा सगळा पसारा मांडला जातो. मॉनिटरसकट प्रत्यक्षात एका संगणकाला ८० वॅट पडतात. वीसांचे १६०० होतात. ३ किलो व्हीएचा ऑनलाइन यूपीएस तिथे पुरतो. एक अडचण मात्र खरी आहे: थंड एसएमपीएस चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, आणि सकाळी एका बटणावर सगळी लॅब चालू केली की एमसीबी पडतो. त्यावरून ‘लोड वाढला’ असा निष्कर्ष काढू नये. पाच-पाचच्या रांगांना वेगळे स्विच द्यावेत आणि ‘सी’ प्रकारचा एमसीबी बसवावा.

सध्या जुने ब्रँडेड संगणक, ज्यांना बाजारात रिफर्बिश्ड म्हणतात, मोठ्या प्रमाणावर विकले जात आहेत, आणि कामाच्या मानाने सौदा वाईट नाही. फक्त काही मॉडेलांत मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो; डेलच्या काहींना ८ पिनांचा, एचपीच्या काहींना ६ पिनांचा असतो, आणि डब्याचा आकारही वेगळा. तो एसएमपीएस जळला की दुकानातला कुठलाही बसत नाही. घेतानाच कॅबिनेट उघडून पाहावे, आणि २४ पिनांचा नसेल तर तसाच जुना एसएमपीएस कुठून आणि कितीला मिळेल हे विचारून मगच पैसे द्यावेत.

एवढे पाहून माझा कौल असा: सेवा केंद्र, शाळा, दुकान, घर यांना १२ व्होल्टवर खरोखर ३५० ते ४५० वॅट देणारा, १००–२४० इनपुटचा, तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस पुरतो, मधल्या दर्जाच्या ग्राफिक कार्डाला ५५० ते ६५०, ८५० च्या पुढे जाण्याचे कारण असलेले गिऱ्हाईक जिल्ह्यात फार थोडे. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस नको म्हणून सांगा आणि त्याचे पैसे वजा करून मागा. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी तो डबा कोणाचाच नसतो. आणि वळवाचे ढग येताना दिसले की नुसते बटण बंद करू नका. पिन भिंतीतून काढा, आणि इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही.